84 वजनपावत्या आणि एक ऑइल फिल्टर

नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात, माळशिरस तालुक्यात माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. नोव्हेंबरात साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की मार्चअखेरपर्यंत आमची कामं बदलतात. क्लच, ब्रेक, ट्रॉलीची हुक-पिन, पंक्चर, स्टार्टर असं सगळं घाईचं असतं, कारण वाहतुकीचा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तर त्याच्यामागे तोडणीची अख्खी टोळी बसून राहते. तोडलेला ऊस रानात वाळतो, वजन घटतं, साखरही घटते. मुकादमाला दिलेली उचल तेवढी डोक्यावर तशीच राहते. म्हणून या दिवसांत कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लवकर करून द्या."

अण्णाही जानेवारीच्या मध्यावर तेच म्हणत आले. तीन सिलिंडरचा, 45 ते 50 एचपी गटातला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या रिकाम्या. इंजिन ऑइलचा दाब कमी झाला की लागतो तो लाल दिवा लागत होता. गार इंजिनाला नाही, थ्रॉटल दिल्यावर नाही. भरल्या खेपेनंतर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर नंबर लागला आणि इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटलशिवाय हळू चालीवर आलं की दिवा लुकलुकायचा.

"मिस्त्री, सेन्सर गेलाय. नवा टाका आन सोडा. बीडकडची टोळी रानात बसलीय."

"ऑइल कधी बदललं होतं, अण्णा?"

"हंगामाच्या तोंडावर बदललंय की. आन परवा एकाच्या सांगण्यावरून जाड ऑइल वरून टाकलं, तर दोन दिवस दिवा लागला नाही."

हे जाड ऑइलचं ऐकलं आणि मला काळजी वाटली. ऑइल जाड केलं की दाब थोडा वाढून दिसतो, दिवा विझतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण दाब कशामुळे पडत होता ते तसंच राहतं, वर आणखी दोन दिवसांची झीज होते. मी सेन्सर काढला आणि त्याच्या जागी साधा काट्याचा गेज लावला. इंजिन चांगलं तापवून आयडलला आणलं, तर काटा चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या जरा वर थरथरत होता. 1500 आरपीएमवर दीड किलोच्या पुढे गेला नाही. या इंजिनाला तिथं त्याच्या जवळपास दुप्पट दाब हवा. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता.

अण्णांना मी गेज दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मुलाला फोन करून टोळीला दुसऱ्याच्या फडात लावून द्यायला सांगितलं. त्या एका फोनचं मला फार वाटलं, कारण हंगामात असा निर्णय सोपा नसतो.

मग फिल्टर काढला. काढलेला फिल्टर आम्ही कापून बघतो. हॅकसॉ ब्लेडनं कापायचा नाही, कारण ब्लेडचा कीस आत पडतो आणि मग आतला कीस कुठला नि ब्लेडचा कुठला ते कळत नाही. पत्रा कापायच्या कात्रीनं कडेकडेनं उघडायचा, कागदाची घडी लांब सोडून उन्हात धरायची. या फिल्टरच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मधे काळा, डांबरासारखा घट्ट थर. एका बाजूचा कागद दाबानं आत चेपला होता. आणि त्या काळ्यात बारीक चमक होती. चुंबक फिरवला, चमक चुंबकाला आली नाही.

चुंबकाला येतं ते लोखंड-पोलाद. रिंगा, लायनर, गिअर यांचा कीस. जे येत नाही आणि चांदीसारखं किंवा तांबूस चमकतं, त्यात बेअरिंगचा संशय पहिला. क्रँकच्या बेअरिंगला पाठ पोलादाची असते, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सगळ्यात वर अगदी पातळ मऊ मुलामा. वरचा मुलामा गेला की राखाडी चमक दिसते, त्याखालचा थर उघडा पडला की तांबूस. इथं दोन्ही होतं.

अण्णांचा प्रश्न रास्त होता: फिल्टर तुंबला तर दिवा आधीच का लागला नाही? बहुतेकांना वाटतं की फिल्टर चोंदला की ऑइल अडतं आणि दिवा लागतो. तसं होत नाही. फिल्टरमध्ये किंवा तो इंजिनावर बसतो त्या बुडख्यात एक बायपास झडप असते. कागद चोंदला, किंवा थंडीत ऑइल फार घट्ट असलं, की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिनाला कोरडं ठेवण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं, असा तो हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. पण त्यामुळे तुंबलेला फिल्टर कुठलीही खूण करत नाही. दाब ठीक, दिवा बंद, आणि धूळ-काजळी सरळ बेअरिंगवर. दिवा लागतो तो पुढे, बेअरिंग झिजून फट वाढल्यावर.

"पण अण्णा, हा फिल्टर हंगामाच्या तोंडावर टाकलेला नव्हे."

तेव्हा उलगडा झाला. हंगामाआधी फक्त ऑइल बदललं होतं. फिल्टर गणपतीत टाकलेला, म्हणून "एकाआड एक चालतो" असं ऐकून तोच ठेवला. जुन्या फिल्टरच्या पोटात अर्धा-पाऊण लिटर काळं ऑइल तसंच राहतं आणि पहिल्या स्टार्टलाच नव्यात मिसळतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. बरं, तो फिल्टर किती तास चालला? अवरमीटर बघावा तर त्याची केबल केव्हाची तुटलेली, आकडा मागच्या वर्षीचाच.

"चार महिने झाले असतील. चार महिन्याला काय होतंय?" अण्णा म्हणाले.

मी विचारलं, कारखान्याच्या वजनपावत्या आहेत का. वाहतुकीचा हिशेब त्यांची सून ठेवते. तिला फोन लावला. वहिनींनी पाचच मिनिटांत सांगितलं, "दादा, सुरुवातीपासून कालपर्यंत 84 पावत्या." तारखेनं लावून ठेवलेल्या होत्या.

मग आम्ही एका खेपेचे तास मांडले. फड ते कारखाना 22 किलोमीटर. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तासाला बारा किलोमीटर धरले तर जायला पावणेदोन-दोन तास. परत यायला दीड तास. रानात सरीसरीनं पुढे सरकत मोळ्या भरायच्या त्यात इंजिन चालू-बंद मिळून दोनेक तास. कारखान्याच्या आवारात काट्यापर्यंत आणि काट्यापासून गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत, रांगेत पुढे-पुढे घेण्यात दीड तास. खेपेला सात तास इंजिन चालतं. 84 गुणिले सात, 588 तास. हे झालं ऑइलचं. गणपती ते दिवाळी रोटाव्हेटर आणि मक्याची मळणी केली होती, ते अण्णांच्या अंदाजानं दीडशे तास. म्हणजे फिल्टर सातशेच्या वर गेला होता. त्यांच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ऑइल आणि फिल्टर दोन्ही 250 तासांना लिहिलंय.

फोनवर वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दर पस्तीस खेपांना." एवढं चटकन आणि नेमकं उत्तर मला आजवर कुठल्या ड्रायव्हरनं दिलेलं नाही.

एअर क्लीनरही उघडला. ऑइल बाथवाला, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये धरणारा होता. खालच्या वाटीत ऑइल कमी आणि गाळ जास्त. इंजिन ऑइलमध्ये माती बहुतेक याच वाटेनं येते. ऊसवाहतुकीच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रॉलीमागून चालताना समोर नुसता धुरळा असतो. ती वाटी धुळीच्या दिवसांत रोज बघायची गोष्ट आहे. वाटी भरली असली तर ऑइल फिल्टर कितीही वेळेवर बदला, तो लवकरच भरणार.

बेअरिंग बघायला चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवणं हे या ट्रॅक्टरला मोठं काम. चेंबर बिडाचा, तोच पुढचं वजन पेलतो, त्यामुळे इंजिनाला टेकू देऊन पुढचा एक्सल सोडवावा लागला. दुपार झाली. कनेक्टिंग रॉडच्या कॅप खोलल्या. तिन्ही रॉडच्या बेअरिंगचा वरचा मुलामा गेलेला, एकाला बरंच तांबं दिसत होतं. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांना जी भीती वाटत होती तीच मलाही होती: क्रँकवर ओरखडे पडले असतील तर इंजिन पूर्ण उतरवून क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, म्हणजे हंगामाचे कितीतरी दिवस आणि मोठा खर्च.

जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या बेअरिंग बसतात त्या गुळगुळीत भागावरून, नख फिरवलं, कुठं अडकलं नाही. मायक्रोमीटर दोन बाजूंनी लावून तिन्ही जर्नल मोजले. अंडाकृती झीज मर्यादेत होती. मेन बेअरिंगही काढून पाहिले, तेही बदलण्याजोगे, पण तिथलेही जर्नल शाबूत. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला. आणखी आठवडाभर जाड ऑइलवर दिवा विझवत चालवला असता तर हे हाती लागलं नसतं.

स्टँडर्ड मापाचे बेअरिंग अकलूजहून आणले. ऑइल पंपाची जाळी गाळानं भरली होती, ती धुतली, जादा दाब सोडणारी रिलीफ झडप तपासली. नवा फिल्टर घेताना अण्णांच्या मुलानं स्वस्तातला आणला होता, तो मी परत पाठवला. बाहेरून रंग आणि आकार तोच असतो, पण बाजारातल्या नकली फिल्टरात घड्या मोजक्या असतात आणि झडप कधी नसतेच. 300-400 रुपयांची वस्तू आहे. तिथं वाचवू नये. जुन्या फिल्टरचा रबर बुडख्याला चिकटलेला नाही ना ते बोटानं पाहिलं, कारण रबरावर रबर बसला की दाबाला तो फुटतो आणि मिनिटात चेंबर रिकामा होतो. नव्या रबराला ऑइल लावलं, टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा दिला. पाना लावला नाही.

पुस्तिकेत सांगितलेलं 15 डब्ल्यू 40 ग्रेडचं ऑइल भरलं. मग डिझेल बंद ठेवणारा स्टॉपर ओढून ठेवून थांबत-थांबत सेल्फ मारला, दिवा विझेपर्यंत. तेव्हाच डिझेल सोडलं. रात्र झाली होती. तापलेल्या इंजिनावर आयडलला गेज दीड किलोच्या वर, 1500 ला तीनच्या वर. अण्णांनी काही न बोलता माझा हात धरला.

हे ऑइल आणि फिल्टर 50 तासांत काढायचं ठरलं, आत राहिलेली घाण निघून जावी म्हणून. सात खेपांनी ते झालं. त्यापुढे किती? पुस्तिकेतले 250 तास साध्या कामासाठी आहेत. काही नव्या मॉडेलना 300, 400, 500 तासही दिलेले असतात आणि योग्य ऑइल असेल तर ते मानावेत. पण डबल ट्रॉली, धूळ आणि रात्रंदिवस वाहतूक यात मी 250 वाल्या ट्रॅक्टरला 200 च्या आसपास सांगतो, ऑइल आणि फिल्टर दोन्ही एकदमच. ऑइल काळं दिसलं म्हणून नव्हे. डिझेल इंजिनात ते काजळीनं थोड्याच तासांत काळं होतं आणि ते त्याचं कामच आहे. अवरमीटर दुरुस्त झाला तरी केबलवाल्या जुन्या मीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. आयडलवर रांगेत तासभर गेला तर तो साधारण अर्धाच तास मोजतो.

वहिनींनी तिसावी पावती धरली, म्हणजे 210 तास. हंगाम संपेपर्यंत त्या पावतीवर लाल पेनानं खूण करून फोन यायचा. फिल्टर कापून पाहिला तेव्हा कागदात काजळी होती, चमक नव्हती.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "दादा, आता पावत्या संपल्या. नांगरट, रोटाव्हेटर चालू आहे, मीटर अजून बंदच आहे. मोजायचं कशावरून?"

मी म्हटलं, "पंपाच्या बिलांवरून मोजा, वहिनी. रोटाव्हेटरला तासाला पाचेक लिटर डिझेल जातं. हजार लिटरची बिलं जमली की फोन करा. आणि तेवढी नाहीच जमली तरी पोळ्याच्या आधी एकदा ट्रॅक्टर घेऊन या, कारण उभ्या इंजिनातही ऑइलला पाणी धरतं."