ॲडव्हान्स कार्डावर हॅवलॉक: डिक्सन्स पिनॅकल दुसऱ्या दिवशी नको

पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये समुद्रातल्या चार डाइव्ह, पुढच्या ॲडव्हान्समध्ये आणखी पाच. कार्डावर 30 मीटरची परवानगी येते तेव्हा माणूस एकूण नऊच वेळा समुद्रात उतरलेला असू शकतो. बुकिंगच्या वेळी हा हिशेब कोणी मांडत नाही. “ॲडव्हान्स आहात ना, मग सगळ्या साइट खुल्या,” एवढंच ऐकायला मिळतं आणि अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या (आता स्वराज द्वीप) पाच दिवसांच्या पॅकेजात दुसऱ्याच दिवशी डिक्सन्स पिनॅकल लागलेलं असतं. साइट अप्रतिम आहे, पण क्रम साफ चुकलेला आहे. किती खोल जायचं ते कार्ड सांगतं. प्रवाहात काय करायचं, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

डिक्सन्स म्हणजे पाण्याखालचे तीन सुळके. माथा साधारण 18 मीटरवर, पायथा 30च्याही खाली. पृष्ठभागापासून माथ्यापर्यंत नजरेला धरायला काही नाही, फक्त निळं पाणी आणि मूरिंगची, म्हणजे बोट बांधायची दोरी. खरी परीक्षा त्या दोरीवर होते. सुळक्यावर पोहोचलात की सोपं आहे: प्रवाहाच्या आडोशाच्या बाजूला राहायचं, खडकापासून हातभर अंतर ठेवायचं, बस्स.

बॅक रोल मारल्यावर, म्हणजे बोटीच्या कडेवरून पाठीवर पाण्यात पडल्यावर, बोटीपासून सुटू नका. बोटीच्या कडेने पुढे जाणारी दोरी लगेच पकडा, तिच्यावरून हात मारत नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत या आणि तिथून मूरिंगच्या दोरीवर. फिन्स मारत प्रवाहाविरुद्ध पोहायला गेलात तर पाच मीटर उतरायच्या आतच टाकीतल्या हवेचे 30-40 बार (बार म्हणजे दाबाचं माप) उडतात आणि धाप लागते. लागलेली धाप खाली गेल्यावर कमी होत नाही, कारण खोलीवर हवा दाट होते आणि श्वास जड होतो. धाप लागलीच तर दोरी धरून थांबा, दहा सावकाश श्वास घ्या, मगच खाली जा. कान दर मीटरला मोकळे करा. एकाचा कान अडला की त्याच्यामागची सगळी रांग प्रवाहात फडफडत राहते. दोरीवर हायड्रॉइड वाढलेले असतात. ते झुडपासारखे दिसतात आणि मनगटाला लागले की दोन दिवस आग होते. बाही मनगटापर्यंत ओढा आणि आधीच्या माणसाचा हात जिथे पडला तिथेच धरा.

आता हवेचा हिशेब. भाड्याची टाकी बहुधा 11 लिटरची ॲल्युमिनियमची असते. 200 बारला साधारण 2,200 लिटर हवा. नवा डायव्हर शांतपणे मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरू. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला 80 लिटर. 100 बारला परत फिरायचं तर वापरायला मिळतात 1,100 लिटर, म्हणजे जेमतेम 14 मिनिटं. उतरताना गेलेली हवा यात धरलेलीच नाही. डाइव्ह टेबलावर 30 मीटरवर राहायची मर्यादा 20 मिनिटं आहे. म्हणजे नव्या माणसाची हवा आधी संपते, वेळ नंतर. म्हणून या टप्प्यावर नायट्रॉक्ससाठी (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) प्रत्येक टाकीला जादा पैसे देऊ नका. नायट्रॉक्स वेळ वाढवतं, हवा वाढवत नाही. त्या पैशात एक जास्तीची उथळ डाइव्ह घ्या. सांगितलेल्या दरात डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) आहे की त्याचं भाडं वेगळं, हेही आधी लिहून घ्या. जेटीवर उभं राहून घासाघीस करता येत नाही.

100 बारला बडीला, म्हणजे जोडीदाराला खूण, 80 बारवर येण्याआधी दोरीवर. पाच मीटरवरचे तीन मिनिटांचे थांबे प्रवाहात झेंड्यासारखे आडवे होऊन घ्यावे लागतात. इथे नवशिक्यांचं हमखास चुकतं ते कमरेला बांधायचं शिशाचं वजन. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत जाते तशी साधारण दोन किलोने हलकी होते, आणि सुरुवातीला बेताचं वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात, 50 बार उरलेले असताना, बीसीडी (हवेने फुगणारं जॅकेट) रिकामी करून पाच मीटरवर स्थिर राहता येतं का ते बघा. जमेपर्यंत डिक्सन्सचं नाव काढू नका. दोरी हुकलीच तर शोधत बसू नका. एसएमबी, म्हणजे पृष्ठभागावर दिसणारा खुणेचा फुगा, सोडा आणि वाहत वर या. स्वतःचा एसएमबी आणि स्पूल (त्याच्या दोरीची रीळ) असलाच पाहिजे, आणि फुगवताना तो बीसीडीला कधीही अडकवू नका.

तारखा ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ, अष्टमीच्या आसपास मंद. डिक्सन्स, जॉनीज गॉर्ज आणि जॅक्सन्स बार या तिन्ही साइट अष्टमी ते दशमीच्या दिवसांत बसवा. दिवस कुठलाही असो, डाइव्ह भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात हवी. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं मुंबईचं गणित मात्र अंदमानात लावू नका, पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) कोष्टक मागा. “उद्या पाणी कधी थांबतंय?” असं दुकानात विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

क्रम असा ठेवा. पहिला दिवस निमो रीफ किंवा लाइटहाउस, फक्त वजन आणि एसएमबीसाठी. दुसरा दिवस ॲक्वेरियम आणि द वॉल. वॉल उतरत्या भिंतीची आहे आणि नजर खाली ओढते, तेव्हा कॉम्प्युटरवर 22 मीटर ठरवून घ्या आणि मोडू नका. तिसऱ्या दिवशी जॉनीज. चौथ्या दिवशी डिक्सन्स, तेही पहिल्या तीन दिवसांत टाकीत नियमित 50 बार राखून वर आला असाल तरच. या क्रमाने गेलं की सुळक्याभोवती फिरणारे माशांचे थवे बघायला डोकं मोकळं राहतं, आणि मग त्या दोरीवरची सगळी मेहनत शंभर टक्के वसूल होते.

महिना जानेवारी ते एप्रिल. पावसाळ्यात जाऊ नका.

पहिली सहल अंदमानच हवी असं नाही. कर्नाटकातलं नेत्राणी बेट खर्चाला हलकं आहे, सराव चांगला होतो. तारकर्ली-मालवणला ॲडव्हान्स कार्ड घेऊन जाण्यात अर्थ नाही, तिथलं बहुतेक काम पर्यटकांच्या उथळ डाइव्हचं. बालीत तुलांबेनचं लिबर्टी जहाज नव्या ॲडव्हान्स डायव्हरसाठी उत्तम: किनाऱ्यावरून चालत उतरायचं, पाच ते 30 मीटर, प्रवाह सहसा कमी. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर मात्र लगेच जाऊ नका, क्रिस्टल बेमध्ये पाणी खाली ओढतं. मालदीवचे चॅनेल (बेटांमधल्या प्रवाहाच्या वाटा) आणि इंडोनेशियातलं कोमोडो 50 डाइव्हनंतर. मालदीवच्या अनेक लाइव्हअबोर्ड (डायव्हर मुक्काम करतात त्या) बोटी एवढी अट घालतात, आणि ती योग्य आहे.

परतीचं विमान धरताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास सोडा. साडेअकराला पाण्याबाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचनंतर, दुपारी तीनला आलात तर सकाळी नऊनंतर. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या फेरीबोटीची वेळ यात वेगळी मोजा. पोर्ट ब्लेअरचं सकाळी लवकरचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर आदल्या दिवशीची दुपारची डाइव्ह सोडून द्या, पैसे परत मिळोत वा न मिळोत.