म्हातारा अडकला तेव्हा

शनिवारी मध्यरात्री घरी आलो आणि झोपच येईना, म्हणून लिहायला बसलोय. टोरंटोत येऊन 6 वर्षं झाली पण बॅटल रॅप, म्हणजे दोन रॅपरची समोरासमोर शब्दांची कुस्ती, समोर उभं राहून पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडची पोरं आता झाडीबोलीत रॅप करून रील टाकतात, त्यामुळे रॅप म्हणजे काय ते सांगत बसत नाही, पण क्लिप वेगळी आणि हे वेगळं.

शिफ्टमधला एक मित्र घेऊन गेला, त्याचे आईवडील जमैकाचे. बारच्या तळघरात दीडदोनशे माणसं उभी, मधे थोडी मोकळी जागा आणि त्यात दोघं अगदी नाकाला नाक लावून. एक 22 वर्षांचा नवखा, वर्षभरापासून नाव गाजतंय त्याचं. दुसरा जुना गडी, इथं किंग ऑफ द डॉट नावाची लीग 2008 ला सुरू झाली तेव्हापासून बॅटल करणारा. सगळे त्याला म्हातारा म्हणत होते आणि वय फक्त 41. आपल्याकडे 41 चा शाहीर म्हणजे आत्ता कुठं गळा तयार झालेला!

नाणं उडवलं, नवख्याला आधी बोलायचं आलं. प्रत्येकी 3 राऊंड. बीट नाही, डीजे नाही, नुसता माणसाचा आवाज. आणि एकाचं चालू असताना दुसऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. समोरचा तुमची अब्रू काढतोय आणि तुम्ही हात बांधून ऐकताय, हे बघायलाच मला जड गेलं. दुसऱ्या राऊंडला तर नवख्यानं त्याच्या वारलेल्या आईवर ओळी टाकल्या. मी मित्राचा दंड धरला, वाटलं आता मारामारी होते. म्हातारा मात्र मान हलवून ऐकत होता, एक ओळ तर त्याला आवडली पण. मित्र म्हणाला हे आमच्याकडे फार जुनं आहे, अमेरिकेतल्या काळ्या लोकांत 'डझन्स' नावाचा खेळ असायचा, रॅपच्या कितीतरी आधीपासून, एकमेकांना आणि खास करून एकमेकांच्या आईला घालूनपाडून बोलायचं आणि जो चिडला तो हरला. मग त्यानं हार्लेमचा 1981 चा किस्सा सांगितला, बिझी बी नावाचा गडी तेव्हा पब्लिकला हसवून नाचवून मैदान मारायचा, कूल मो डी नावाचा दुसरा रॅपर नंतर स्टेजवर आला आणि शब्द न् शब्द जुळवून त्यालाच असं धरलं की नुसतं हात वर करायला लावून भागायचे दिवस गेले.

आणि पुढं सहज म्हणाला, "तुमच्याकडे नाचगाणं मस्त असतं, पण असं समोरासमोर भिडणं नसेल ना?"

मला हे लागलं. अजून लागतंय. त्या गोंगाटात मी त्याला मोबाईलवर दुय्यम, म्हणजे दोन पार्ट्यांच्या, खडी गंमतीचा व्हिडिओ दाखवायला लागलो, म्हटलं बघ, भाऊबीज झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दोन शाहीर आपापल्या पार्ट्या घेऊन येतात, डफ, तुणतुणं, ढोलकी, आणि रात्र रात्र सवाल-जवाब चालतात, एक पुराणातलं कोडं घालणार आणि दुसऱ्यानं ते तिथल्या तिथं गाण्यात सोडवायचं, दोघांतला कलगीवाला शक्तीला मोठं म्हणणार तर तुरेवाला शिवाला. तुमचा गडी महिनाभर घरी लिहून पाठ करून येतो, आमच्या शाहिराला समोरून काय येणार ते माहीतच नसतं, आणि शिव्या देणं सोपं आहे, उत्तर देणं अवघड. जरा जास्तच बोललो असेन. पण खोटं एक अक्षर बोललो नाही.

मी स्वतः मंडईला 6 वर्षांत गेलो नाही हे खरंय. दिवाळीला इथं सुट्टी नसते आणि त्या दिवसांत तिकिटाचे भाव तुम्हाला माहीत आहेत. आणि गावात राहणारे तरी आता किती जण पहाटेपर्यंत बसतात?

एक मात्र मानलं पाहिजे. इथलं पब्लिक ऐकतं. ओळ संपली की क्षणभर गप्प, मग अर्थ लागला की एकदम ओरडा. मागून कोणी कुजबुजलं तर दहा जणं वळून बघणार. आपल्या मंडईत शाहीर जीव तोडून गात असतो आणि अर्धं गाव आकाशपाळण्याकडे, दुसरीकडून भोंगे. याचं मला फार वाईट वाटतं.

तिसऱ्या राऊंडला म्हातारा अडकला. मस्त चाललं होतं, नवख्याला त्यानं पार गप्प केलं होतं, आणि ओळ मधेच तुटली. पुन्हा मागून धरली, पुन्हा तिथंच तुटली. डोळे मिटले, बोटं कपाळावर. दीडदोनशे माणसं आणि पंख्याचा आवाज. आपल्याकडे शाहीर विसरला की ढोलकीवाला एक आवर्तन जास्त वाजवतो, मागं साथीला गाणारे झीलकरी मागचंच धृपद उचलतात, आणि तेवढ्यात त्याला सापडतं, लोकांना कळत पण नाही. इथं त्याला झाकायला काहीच नव्हतं. कोणीतरी हळूहळू टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी धरल्या. नवखा हसला नाही, खाली बघत उभा राहिला. शेवटी म्हातारा स्वतःच "टाईम" म्हणाला, म्हणजे माझं संपलं, आणि बाजूला झाला. पाचातले 4 जज नवख्याकडे गेले. त्या पोरानं त्याला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

घरी येऊन लगेच मोठेबाबांना, म्हणजे मोठ्या काकांना, फोन लावला, इथं रात्रीचा एक, गावात सकाळचे साडेअकरा. ते अंगणात उन्हात बसले होते. तुमच्यापैकी काहींनी ऐकलंय त्यांना, तीसेक वर्षं डफ धरला त्यांनी. मी 9 वर्षांचा असताना पवनीकडच्या एका नव्या शाहिरानं त्यांना मंडईत भर मांडवात हरवलं होतं, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी तो विषय काढला नाही. मी पण आज पहिल्यांदाच काढला, तो पण टोरंटोचं सांगता सांगता.

सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बुढ्याले मंग आठवली का ओळ?"

म्हटलं, माहीत नाही जी, तो बाहेर निघून गेला.

"आठवली असन. मले बंडीत आठवली होती, घरी येता येता. बैलं ओढ्यात उतरले तवा."

आणि त्यांनी तो जवाब म्हणायला सुरुवात केली, ढोलकी नाही, डफ नाही, पूर्ण चार कडवी. मागून मोठ्या आईचा आवाज आला, "कोनाचा फोन होय जी?" ते थांबले नाहीत.