डावा स्पीकर गुरगुरतोय

काकांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे डावा स्पीकर गुरगुरतोय, वूफर गेला वाटतं, बदलायच्या तयारीनेच ये." अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आहेत त्यांचे, म्हणजे वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) अ‍ॅम्प वेगळा, ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणारा छोटा) वेगळा, दोन्ही बॉक्सच्या पोटातच, आणि त्यांच्या आधी क्रॉसओव्हर (सुरांची दोघांत वाटणी), ईक्यू (ठरावीक सूर कमीजास्त करणं), डिले (आवाज जरा उशिरा सोडणं), लिमिटर (जास्तीचा जोर अडवणं) सगळं बघणारी डीएसपीची, म्हणजे ध्वनीवर आकडेमोड करणारी, चिप. जोडी वर्षभरापूर्वी मीच लावून दिलेली, त्यामुळे जरा कसंसंच झालं पण बॅग उचलली आणि गेलो.

तक्रार खरी होती. हळू आवाजात काहीच नाही, पण व्हॉल्यूम वर नेला आणि डबल बासवाल्याने मोकळी डी तार छेडली की डाव्या बॉक्समधून घर्रर्र आणि समोरचा लिमिटरचा लाल दिवा लुकलुकणार. बाकीचे सूर स्वच्छ.

मग मी तेच केलं जे इतकी वर्षं करत आलोय. केबल जागच्या जागी ठेवायच्या आणि बॉक्सची अदलाबदल करायची. घरघर जागेवरच राहिली तर दोष खोलीचा किंवा केबलचा, बॉक्सबरोबर गेली तर दोष बॉक्सचा. साधा हिशोब. घरघर बॉक्सबरोबर उजवीकडे गेली. झालं, वूफर बाद, मी काकांना तसं सांगूनही टाकलं.

स्क्रू काढले, वूफर बाहेर घेतला, वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर 3.3 ओहम, चार ओहमच्या वूफरला अगदी बरोबर. दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत दाबला, कान लावून ऐकलं, कॉइल कुठे घासत नाही, कडेचं रबर शाबूत, कुठे काही फाटलेलं नाही. दुसरा वूफर उघडला, तोही तसाच. आता मात्र मला घाम फुटायला लागला कारण चांगला वूफर खराब ठरवून बसलो होतो आणि काका मागे उभे राहून सगळं बघत होते.

तेच म्हणाले, "पण तो उजवीकडे ठेवल्यावर बास एवढा अंगावर का यायला लागला रे? आणि डावीकडे ठेवलेला दुसरा एकदम पोकळ का वाजतो?"

हे दोन्ही मलाही ऐकू आलं होतं, मी सोडून दिलं होतं. वूफर खराब असता तर नुसता घरघरला असता, खोलीच्या दुसऱ्या जागी जाऊन बास कशाला वाढवेल. लॅपटॉप जोडला आणि त्या बॉक्सची सेटिंग उघडली. एक फिल्टर, 71 हर्ट्झ, अधिक 9 डीबी, क्यू 4, म्हणजे 71 च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात आवाज 9 डेसिबलने वाढवलेला. प्रीसेटच्या (साठवलेल्या सेटिंगच्या) नावात माझी आद्याक्षरं.

घोळ असा, की साध्या पॅसिव्ह (अ‍ॅम्प बाहेर असलेल्या) स्पीकरच्या बॉक्समध्ये कुणाचा ईक्यू बसलेला नसतो, म्हणून अदलाबदलीची परीक्षा खरं बोलते. इथे सेटिंग बॉक्सच्या पोटात आहे. बॉक्स हलला की ईक्यूही हलला, आणि मी मात्र वूफरला दोष देऊन मोकळा.

आता ते 9 डीबी आले कुठून. डाव्या बॉक्सच्या मागे 85 सेंमी मोकळी जागा, बॉक्स 35 सेंमी खोल, म्हणजे वूफर भिंतीपासून 120 सेंमीवर. खालच्या सुरांचा आवाज बॉक्सला वळसा घालून मागे जातो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि ज्या सुराच्या लहरीची लांबी या अंतराच्या चौपट असते तो उलटा होऊन समोरच्या आवाजाला खातो, ग्राफमध्ये तिथे खड्डा पडतो. 343 भागिले 4.8, साधारण 71 हर्ट्झ. आणि ती मोकळी डी तार 73 वर. उजवीकडे मागे 40 सेंमी खोल कपाट आहे, त्यामुळे तिथे खड्डा 107 ला सरकलेला आणि उथळ, त्याला मी हात लावला नव्हता. डावीकडचा मात्र 14 डीबीचा होता, तेव्हा माइकने मोजलेला ग्राफ बघवेना, म्हणून ईक्यूने भरून टाकला.

बरेच जण सांगतात की असा खड्डा कितीही बूस्ट केलं (ईक्यूने आवाज वाढवला) तरी भरत नाही. माझ्या मते ते अर्धवट आहे. माइक जिथे ठेवलाय तिथे 9 टाकले की 9 वर येतातच, ग्राफ छान दिसतो, मी फसलो तो तिथेच. पण त्या एका सुराला वूफरला जवळपास 8 पट पॉवर लागते आणि कोन 2.8 पट जास्त हलतो. मोजताना मी हळू आवाजात स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) दिला होता, तेव्हा तक्रार कोण करणार. काका जोरात ऐकतात.

बूस्ट उडवला. दोन्ही वूफर परत बसवले, बॉक्स आपापल्या जागी, आणि मग दोन्ही मागे सरकवले, डावा भिंतीपासून आणि उजवा कपाटापासून 15 सेंमीवर (मागे अ‍ॅम्पच्या हीटसिंकला हवा लागते, त्याहून चिकटवायची माझी हिंमत नाही). वूफरचं अंतर 50 सेंमी झालं, खड्डा 172 हर्ट्झला गेला, तिथे तो उथळ झाला आणि काचलोकरीचं पॅनल डाव्याच्या मागे लावल्यावर अजून थोडा. भिंत जवळ आल्याने खालचा बास आपोआप वाढला, तो लो शेल्फने (खालचे सगळे सूर एकत्र कमीजास्त करणारा फिल्टर) 4 डीबी कमी केला, कमी करायला पॉवर लागत नाही, उलट वाचते. कपाटामुळे उजवा बॉक्स आता डाव्यापेक्षा साधारण 34 सेंमी जवळ आलेला, म्हणून त्याला 1 मिलिसेकंद डिले आणि 1 डीबी कमी. या वेळी माइक डोक्याच्या आसपास सहा जागी फिरवला.

ग्राफ मागच्यापेक्षा ओबडधोबडच दिसला. काकांनी तेच रेकॉर्डिंग लावलं, व्हॉल्यूम मला सोसवेल त्याच्या वर नेला, मी त्या लाल दिव्याकडे टक लावून बसलो, डी तार येऊन गेली आणि तो पेटलाच नाही.

जुना प्रीसेट पुसायला घेतला तर म्हणाले, "राहू दे तो, चार नंबरवर ठेव, तू पुढच्या वेळी वूफर उघडायला लागलास की लावेन."