किल्ल्याची माती आज भिजली
आज पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलात! दिवाळीचा किल्ला वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधीच करायला घ्यावा, अळीव हिरवे दिसायला तेवढे दिवस लागतात. विटा-दगडांचा ढीग रचायचा, त्यावर जुनं गोणपाट पातळ चिखलात बुचकळून पसरायचं. कोरडंच टाकलं तर वरची माती पापुद्र्यासारखी सुटते. लाल माती चाळूनच घ्या, खडे राहिले की पायऱ्या ढासळतात. अळीव तासभर भिजवले की बुळबुळीत होऊन उतारालाही चिकटतात. मोहरी मात्र घरंगळते. पाणी फवाऱ्यानेच. पोरांच्या हाती तांब्या गेला की तटबंदी वाहून गेलीच म्हणायची! भेगा ओल्या बोटाने लिंपायच्या, हे काम चार वर्षांचं मूलही झकास करतं. मावळे सगळ्यात शेवटी.