इंजिन खोलणारी माणसे

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक सल्ल्यासाठी घरी येतात. तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शाखेला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, हे त्यांना ठाऊक असते. यंदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, मुलाला घेऊन आले. मुलाला मेकॅनिकल घ्यायचे होते आणि वडिलांना ते मान्य नव्हते. ते म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण खरं सांगा. पोरगा शेवटी इंजिनच खोलत बसणार ना? ते तर तो आमच्या बोटीवर आताच करतो." मी त्यांना नोकऱ्या आणि पगार यांविषयी काही सांगितले, ते ऐकून घेऊन गेले. परंतु ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख मनात राहिली. या शाखेतून मोठी झालेली माणसे मी आठवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्यांच्या आयुष्याचे वळण बहुधा न चालणाऱ्या यंत्रासमोरच आले आहे.

'अमूल'च्या वर्गीस कुरियन यांचेच पाहा. मद्रासच्या गिंडी येथील महाविद्यालयातून 1943 साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले, पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले आणि त्या शिष्यवृत्तीच्या अटीमुळे 1949 साली आणंदच्या सरकारी दूधकेंद्रावर रुजू झाले. गावात मन रमेना, म्हणून मोकळीक मिळताच ते निघण्याच्या बेतात होते. शेजारीच त्रिभुवनदास पटेलांची सहकारी संस्था जुनाट यंत्रांवर दूध तापवीत होती आणि ती यंत्रे सारखी बंद पडत होती. कुरियन ती दुरुस्त करून देत. अखेर त्यांनी नवे पाश्चरायझर घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा पटेल म्हणाले की ते बसवून होईपर्यंत तरी थांबा. कुरियन थांबले ते कायमचे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि 1955 साली तिचा कारखाना आणंदला उभा राहिला. या कथेत दलायांचे नाव मागे पडते, याचे मला वाईट वाटते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण डॉ. अनिल काकोडकरांचे. कुटुंब मूळ गोव्याचे, वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवामुक्तीच्या लढ्यातले, जन्म मात्र मध्य प्रदेशातल्या बडवानीचा. 1963 साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलची पदवी घेऊन ते पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात गेले. अणुभट्टी म्हटले की लोकांना भौतिकशास्त्र आठवते, परंतु ती प्रत्यक्ष चालवायची म्हणजे नळ्या, झडपा, पंप, वेल्डिंग आणि उष्णतेने धातूवर येणारा ताण यांचाच प्रपंच असतो. धातूवरील ताण प्रयोगाने मोजण्याचे शास्त्र ते नॉटिंगहॅमला शिकून आले, ते यासाठीच. ज्या 'ध्रुव' अणुभट्टीच्या आराखड्यात आणि उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, ती 1985 साली सुरू झाली; पण भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाच्या जोराने इंधनाच्या जुडग्यांना कंप सुटू लागला. त्यांची रचना बदलावी लागली आणि भट्टी पूर्ण क्षमतेने चालायला 1988 चा जानेवारी उजाडला. तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात तर दोन्ही अणुभट्ट्यांमध्ये जड पाणी (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे खास पाणी) आत आणणारी जोडणी निकामी झाली होती. माणसाला जवळ जाता येत नाही अशा जागी तो बिघाड होता, त्यामुळे भट्ट्या मोडीत काढण्याची वेळ आली होती. त्या पुन्हा चालत्या करण्याच्या कामात काकोडकरांची भूमिका निर्णायक ठरली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद 2000 साली आले, म्हणजे पदवीनंतर सदतीस वर्षांनी.

'इस्रो'चे माजी अध्यक्ष सतीश धवन यांनी गणित आणि इंग्रजी साहित्याबरोबर लाहोरला मेकॅनिकलची पदवी घेतली होती, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. शंतनुराव किर्लोस्कर 1926 साली अमेरिकेच्या एमआयटीतून हीच पदवी घेऊन परतले. आमच्या गावच्या भातगिरणीत किर्लोस्करांचेच इंजिन होते आणि त्याच्या ठोक्यावर गावाची सकाळ सुरू होत असे.

कोकणातल्या मुलांना मी आवर्जून सांगतो ते विमानशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंहांविषयी. तेही 1953 साली बंगळूरहून मेकॅनिकलची पदवी घेतलेले. विमानाच्या पंखालगतच्या हवेच्या थराचा अभ्यास करता करता ते मान्सूनकडे वळले. ढगात वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते. तिचा वर चढणाऱ्या प्रवाहावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत पाण्याची धार सोडून तिला मध्येच विजेने ऊब दिली. आषाढात रत्नागिरीच्या समुद्रावरून काळे ढग चढत येताना पाहिले की मला ती काचेची टाकी आठवते. उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, हा प्रश्न आम्ही पहिल्या वर्षी फळ्यावर लिहितो तोच.

जुलैत मासेमारी बंद असताना त्या तांडेलांनी बोलावणे धाडले. गेल्या हंगामात बोटीचे इंजिन तापत होते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट दोनदा बदलूनही फरक नव्हता. शाकारून ठेवलेल्या बोटीवर मुलाने माझ्यासमोर इंजिन थंड ठेवणारा कुलर खोलला. खारे पाणी वाहणाऱ्या नळ्यांपैकी कित्येक क्षाराने बुजल्या होत्या आणि गंज थोपवणारी जस्ताची कांडी पार झिजून गेली होती. मुलाने बुजलेल्या नळ्या एकेक करून मोजल्या, आकडा वहीत टिपला आणि मान वर करून वडिलांना विचारले, "बाबा, काटा वर जायला कधीपासून लागला होता?"

"दिवाळीनंतर," ते म्हणाले, आणि त्याच्याशेजारी बसले.