जावर : मुशींच्या डोंगरावर

उदयपूरचे तलाव आणि राजवाडे मी सोडून देते, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. बडोद्याला परतताना मामांनी हट्टाने गाडी उदयपूरजवळच्या जावर गावाकडे वळवली. दांडिया बाजारातल्या आमच्या मामांना जावरचा अभिमान, कारण १९८३ साली इथल्या जस्त काढायच्या जुन्या भट्ट्या खणून काढल्या त्या आपल्या सयाजीराव विद्यापीठातल्या मंडळींनी, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक कंपनीच्या जोडीने.

भट्ट्या पाहून मीही थक्क झाले. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे भट्टीत ते वाफ होऊन निसटणार. इथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, म्हणजे खनिज तापवायची भांडी, उलट्या लावल्या, एका भट्टीत ३६, आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याचं पेटंट मिळालं १७३८ साली. हे त्याच्या कितीतरी आधीचं.

पण एक मूस एकदाच वापरायची आणि फेकून द्यायची. त्या फेकलेल्या मुशींचे ढीग टेकड्यांएवढे आहेत, अंदाज सहा लाख टनांचा. आम्ही त्यावरूनच चालत होतो. पायाखाली कटकट मोडत होतं. जुन्या पडक्या घरांच्या भिंतीसुद्धा मुशी रचून बांधलेल्या! मामा फोटो काढत होते, तेवढ्यात मामींनी विचारलं, "अहो, ह्यात शिसं नसेल ना?"

असणारच. इथल्या खनिजात जस्ताबरोबर शिसं असतं, थोडं कॅडमियमही. जस्त उडून गेलं तरी शिसं बरंचसं मुशीत राहतं. ते कुजत नाही, जळत नाही. मूस फुटली की भुकटी होते, वाऱ्याने उडते, पावसात ओहोळांतून टीडी नदीकडे जाते. शेकडो वर्षं हेच चाललंय. भट्ट्यांच्या कोळशासाठी किती जंगल तुटलं असेल, ते वेगळंच.

ढिगाच्या पायथ्याशी शेळ्या चरत होत्या. राखणारी मुलगी सात-आठ वर्षांची, मुशींचे तुकडे रचून घर करत होती, आणि त्याच हातांनी बोरं खात होती. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नसतं. आम्हाला माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी अर्धा तास इतिहास सांगितला, फार चांगला सांगितला, पण धुळीबद्दल एक शब्द नाही. मला त्याचा राग आला, अजून आहे.

मामींनी गाडीतली पाण्याची बाटली आणून मुलीचे हात धुतले, मग आमचे धुवायला लावले, आणि त्यानंतरच थेपल्यांचा डबा उघडला. पहिले दोन थेपले मुलीला. मामा विद्यापीठातल्या ओळखीच्यांना विचारणार आहेत की वस्तीतल्या मुलांची रक्ततपासणी कधी झाली आहे का. मी त्यांच्या मागे लागले आहे.