व्हिक्टर, आयडा, टॉम, टॉम

कणीक भिजवून झाकून ठेवली होती, तवा तापत होता, तेवढ्यात फोन वाजला. शनिवार सकाळचे आठ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच. नंबर सांगलीकडचा, अनोळखी.

"ताई, तुम्ही तिकडं कोर्टाचं बघता न्हवं? पोरगं काल रातीपासनं फोन उचलंना. आता तर बंदच लागतोय."

मी अमेरिकेत केंटकी राज्यात, लुईव्हिलला एका छोट्या वकिली ऑफिसात पॅरालीगल आहे. वकील नाही, पण वकिलाच्या हातात जाण्याआधीचे आणि हातातून सुटल्यानंतरचे सगळे कागद माझे. इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी काकूंना माझा नंबर दिला होता. (हा प्रसंग लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाच्या नावाचं आणि आडनावाचं तर नावच घेत नाही.)

मुलगा शेजारच्या राज्यात एमएस करणारा. शुक्रवारी रात्री एकटाच गाडी घेऊन लुईव्हिलच्या मित्राकडे निघाला होता. मित्राला त्याने शेवटचं लोकेशन पाठवलं ते वेस्टर्न केंटकी पार्कवेवरून, रात्री अकरा चाळीसला. त्यानंतर काही नाही.

अशा वेळी लोक आधी हॉस्पिटलं पालथी घालतात. मी आधी जेल बघते. जेलात सापडला तर तो जिवंत असतो. हे अर्थात काकूंना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "अंगावर काही खूण?"

"उजव्या भुवईवर हाय की. विहिरीत उडी टाकताना लागल्याली."

इथे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे जेल म्हटलं की येरवडा डोळ्यांसमोर येतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि इथलं काउंटी जेल म्हणजे अटक झाल्या झाल्या जिथे नेऊन नोंद करतात ती जागा. नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, फोटो, गुन्ह्याचं कलम, बॉन्डची म्हणजे जामिनाची रक्कम. या नोंदीला 'बुकिंग' म्हणतात. तिकीट काढल्यासारखा शब्द आहे, सवय होईपर्यंत विचित्रच वाटतो. बहुतेक राज्यांत हे जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, ताब्यात असतं. केंटकीची तऱ्हा निराळी: इथे जेलर निवडून येतो. 120 काउंट्या आणि बहुतेक काउंट्यांना मतपेटीतून आलेला जेलर. शेरीफ वेगळा, आणि तो घरपट्टी-जमीनपट्टीसुद्धा गोळा करतो. आपल्या मुंबईच्या नगरपालालाही इंग्रजीत शेरीफच म्हणतात, पण ते नुसतं मानाचं पद.

गंमत म्हणजे कितीतरी काउंट्यांत जेलर आहे पण जेलच नाही. लहान गावं, जेल चालवणं परवडत नाही, म्हणून बंद केलेलं. तिथला जेलर आपले कैदी गाडीत घालून शेजारच्या काउंटीत पोचवतो. लोकेशनवरून मी जी काउंटी काढली ती नेमकी त्यातली. शेरीफच्या ऑफिसात फोन केला तर टेप लागली: सोमवार ते शुक्रवार, आठ ते चार.

मग आजूबाजूची तीन जेलं. एकाची यादी वेबसाइटवर, फोटोंसकट. दुसऱ्याचीही यादी होती, पण शेवटची कधी बदलली ते कळायला मार्ग नाही. तिसऱ्याचा नुसता फोन नंबर. दोन्ही याद्यांत आडनाव टाकलं, काही नाही. स्पेलिंग बदललं, शेवटचा ए काढला, डब्ल्यूच्या जागी व्ही टाकला. काही नाही. राज्यभरची सगळी जेलं एकत्र शोधता येणारी 'वाइन' (VINE) नावाची सोय आहे, तिथेही काही नाही. इमिग्रेशनच्या कोठडीत असलेल्यांचं सरकारी शोधपान असतं. तिथे नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं आणि जन्माचा देश द्यावा लागतो. तेही पाहिलं, धाकधुकीने. नाही.

मध्येच मुलाच्या रूममेटचा फोन. नेटवर 'बेल बॉन्ड केंटकी' असं शोधून त्याने एक नंबर मिळवला होता. तो माणूस म्हणत होता, दीड हजार डॉलर गिफ्ट कार्डाने पाठवा, तासाभरात शोधून सोडवतो. मी जवळजवळ ओरडलेच. केंटकीत जामिनाचा हा खासगी धंदा 1976 पासून कायद्यानेच बंद आहे. इथे बॉन्डची रक्कम ठरली तर ती कोर्टाच्या क्लार्ककडे भरायची, मध्ये एजंट नाही. दुसऱ्या एखाद्या राज्यात मीही क्षणभर चाचरले असते.

तोवर नऊ वाजत आलेले. तवा बंद केला होता, कणकेवर साय धरायला लागली होती. दुसऱ्या जेलला फोन लावला. त्यांच्याकडे आठच वाजत होते. राज्याच्या मधूनच वेळेची रेघ जाते आणि पश्चिमेकडचा भाग आमच्यापेक्षा तासभर मागे असतो. फोनवर एक बाई, डेप्युटी जेलर, आवाज पन्नाशीचा. आडनाव सांगितलं. "नाही." पहिलं नाव सांगितलं. "नाही, हनी." जन्मतारीख, पाच ऑगस्ट. "ऑगस्टचा तर कुणीच नाही."

आता ठेवणार, तेवढ्यात सुचलं ते विचारलं. "काल मध्यरात्रीच्या आसपास असं कुणी आलं का, ज्याचं नाव टाइप करताना तुमच्या माणसाने शिव्या घातल्या असतील?"

ती खळखळून हसली. म्हणाली, "थांब." कीबोर्डचा आवाज, कुणाला तरी काहीतरी विचारल्याचा आवाज, मागे लोखंडी दार आदळल्याचा आवाज. मग ती पोलिसांच्या पद्धतीने एकेक अक्षर सांगायला लागली.

"व्हिक्टर. आयडा. टॉम. टॉम. हेन्री. अ‍ॅडम. लिंकन."

भाजीच्या यादीमागे मी लिहून घेतलं. व्ही, आय, टी, टी, एच, ए, एल.

विठ्ठल.

तिने त्याचा उच्चार 'व्हायटल' असा केला. मी काकूंना दुसऱ्या फोनवर विचारलं, "काकांचं नाव काय?" उत्तर आलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं.

उलगडा नंतर झाला. पाकीट सापडेना म्हणून मुलाने गाडीत पडलेलं भारतातलं लायसन दिलं होतं. त्यावर त्याचं नाव एका ओळीत सलग: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. खाली 'अमक्याचा मुलगा' या रकान्यात पुन्हा वडिलांचं नाव. दोनदा दिसतंय ते आडनाव असणार, असं रात्री एक वाजता कुणालाही वाटेल. पाच ऑगस्ट लिहिलं होतं आपल्या पद्धतीने, आधी दिवस मग महिना. इथे आधी महिना वाचतात, म्हणून नोंद झाली आठ मे. आईचं श्रावणातलं पोर वैशाखात जाऊन बसलं. रात्री नोंद करणाऱ्या डेप्युटीने जाणूनबुजून काही केलं नव्हतं, त्याच्या पडद्यावर जेवढे चौकोन होते तेवढे त्याने भरले.

दुसऱ्या क्रमांकाची यादी याच जेलची. वडिलांच्या नावाने शोधलं आणि फोटो आला. मागे राखाडी भिंत, डोळे तांबारलेले, केस एका बाजूला चपटे. उजव्या भुवईवर रेघ. काकू म्हणाल्या, "फोटो हाय? मला धाडा की." मी म्हटलं, बरोबर उतरत नाहीये. खोटं होतं. कुठल्याही आईने मुलगा पहिल्यांदा तसा बघू नये असं मला वाटलं. वाटण्याचा हक्क मला होता का, माहीत नाही.

फोटोखाली कलम होतं: दारू पिऊन गाडी चालवणं.

"काय केलंय त्यानं?" हा प्रश्न येणारच होता. मी सांगितलं, वाहतुकीचं प्रकरण आहे, कुणाला लागलेलं नाही, बाकी तो स्वतः सांगेल. पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग फोन काकांनी घेतला. "हे तिकडं सगळ्यास्नी दिसतं का? आमच्या हितनं कुणी बघितलं तर?"

दिसतं. बुकिंगची नोंद सार्वजनिक असते, म्हणूनच तर मला सापडला. चोरून, गुपचूप कुणाला कोंडता येऊ नये म्हणून ती उघडी ठेवायची, हे तत्त्व मला पटतं. त्याच उघड्या यादीतून फोटो उचलून स्वतःच्या साइटवर लावणारे आणि काढायचे पैसे मागणारे लोकही आहेत. काही राज्यांनी त्याविरुद्ध कायदे केले. काकांना मी फक्त "हो, दिसतं" म्हटलं.

पुढचं भराभर झालं. आमच्या वकिलांना घरी फोन केला, त्यांनी जेलमध्ये मुलाशी बोलणं केलं. 1963च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशी माणसाला अटक झाली की 'तुमच्या वकिलातीला कळवू का' हे विचारावं लागतं. काही देशांच्या बाबतीत न विचारताही कळवावंच लागतं, भारत त्या यादीत नाही. त्याला विचारलं होतं. तो घाबरून नको म्हणाला होता.

त्याच्या सुटकेची सूचना मिळावी म्हणून मी 'वाइन'वर नोंदवलं. ही सोय जगात पहिल्यांदा सुरू झाली ती आमच्या लुईव्हिलमध्ये, 1994 साली. त्याच्या आदल्या डिसेंबरात मेरी बायरन या मुलीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला होता. तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस जेलमधून सुटला होता आणि ते तिला कुणीच कळवलं नव्हतं. दर वेळी तो फोन आला की मला ते आठवतं. दुपारी पावणेतीनला आला. यंत्राचा आवाज म्हणाला, विठ्ठल यांना सोडण्यात आलं आहे.

मुलगा रात्री मित्राकडे पोचला. मंगळवारी ऑफिसात आला, तेव्हा मी नाव दुरुस्तीचा कागद काढून ठेवला होता. त्याने तो वाचला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, नाही केलं तर चालणार नाही का? आडनाव नाहीये तेच बरंय. गावात कुणाला शोधून सापडणार नाही."

त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण वकिलांनी स्वच्छ सांगितलं की चुकीचं नाव माहीत असून कोर्टापुढे ठेवता येणार नाही. उद्या पोलिसांपासून व्हिसापर्यंत प्रत्येक ठिकाणी बोटांचे ठसे बोलतील, तेव्हा हे लपवलेलं नाव त्याच्याच अंगावर येईल. दारूच्या अटकेवरून नुसता व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो, त्यात हे आणखी कशाला. त्याने सही केली. पूर्ण नाव लिहून, तिन्ही भाग.

आठवड्याने कोर्टाची दुरुस्त नोंद आली. त्याचं नाव, आडनाव, आणि पुढे इथल्या पद्धतीने 'उर्फ' म्हणून आधीची नोंद: विठ्ठल. जुनं नाव खोडत नाहीत, मागे लावून ठेवतात. काकूंच्या फोनवर मी ती वाचून दाखवत होते, पण ऐकत होते काका.

"म्हंजे माझं नावबी लागलं त्यात," ते म्हणाले. "मी तर मिरजंच्या फुडं गाडीत बसलो न्हाई कवा."